एकच प्याला, एकटी सिंधू

आमच्या शाळेत दर वर्षी माता-पालकांचा मेळावा असतो. मी तिथे अर्धवेळ मराठी शिकवते, त्यामुळे मेळाव्यात 'साहित्यिक' काही हवं असलं की माझ्याकडे बोट जातं. यंदा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'वर बोला तुम्ही. बायकांना आवडेल आणि विषयही उपयोगाचा आहे."

मी घरची कामं आटोपून रात्री जागून तयारी केली. सिंधूच्या त्यागाचं वर्णन करताना माझाच गळा दाटून आला. समोर दोघी-तिघींनी डोळे पुसले. टाळ्या झाल्या, बटाटेवडा आणि चहा झाला, बायका पांगल्या. एक आई मात्र मागे रेंगाळली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं हळूच विचारलं, "बाई, सिंधूनं केलं ते बरोबर केलं का हो?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. "तो काळच तसा होता," वगैरे. "बरं," म्हणून ती निघून गेली. पण दादरहून गिरगावला परत येताना बसमध्ये मला तिचाच चेहरा दिसत राहिला. तिचा प्रश्न सिंधूबद्दल नव्हता, हे न कळण्याइतकी मी काही दूधखुळी नाही.

घरी आल्यावर मी नाटक पुन्हा काढलं. या वेळी भाषणासाठी नाही, त्या बाईसाठी वाचलं. आणि मग एका रविवारी उठून डोंबिवलीला काकीकडे गेले. काकीकडेच का, ते पुढे येईलच.

नाटक पुन्हा वाचताना

राम गणेश गडकऱ्यांचा जन्म १८८५ चा, नवसारीचा. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला क्षयानं ते गेले तेव्हा चौतीस वर्षांचेही नव्हते. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलेलं त्यांनी पाहिलं नाही. ते गेल्यावर अवघ्या काही आठवड्यांत गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला त्याचा पहिला प्रयोग केला. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली. बालगंधर्व सिंधू झाले आणि गणपतराव बोडस सुधाकर. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व ठिगळाच्या लुगड्यात रंगमंचावर आले, आणि प्रेक्षकांनी त्या ठिगळांनाही डोक्यावर घेतलं.

गोष्ट तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. सुधाकर हुशार वकील, पण मानी. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि सनद काही काळापुरती जाते. तो अपमान विसरायला त्याचा कारकून तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो. मग पेल्यामागून पेला, आणि घर खाली खाली. श्रीमंत माहेरची सिंधू माहेरची मदत न घेता दळण दळून पोट भरते. सुधाकर एकदा शपथ घेऊन दारू सोडतो, पुन्हा धरतो. शेवटी दारूच्या भरात त्याच्याच हातून तान्हं मूल जातं. सिंधूवर जीवघेणा घाव बसतो. मरतानाही ती फौजदाराला खोटं सांगते, नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. आणि सुधाकर रसकापूर घातलेला शेवटचा पेला पिऊन जीव देतो.

कॉलेजात असताना साहित्य संघात मी हे नाटक पाहिलं, तेव्हा मला त्यात फक्त रडणं दिसलं होतं. आता दोन मुलांची आई झाल्यावर त्यातल्या वस्तूंकडे लक्ष गेलं. पेला, जातं, शपथ. आपल्या मांडणीवरच्या भांड्यांइतक्या साध्या वस्तू. पण गडकऱ्यांनी त्यांत केवढं भरून ठेवलं आहे!

पेला : औषध म्हणून आला

पहिला पेला सुधाकरला चैन म्हणून मिळत नाही, औषध म्हणून मिळतो. मनाला लागलंय ना, मग हे घ्या, बरं वाटेल. शेवटच्या पेल्यात उघड विष आहे. गडकऱ्यांना म्हणायचं आहे ते एवढंच, की पहिला आणि शेवटचा पेला वेगळे नव्हते. विष पहिल्यापासून होतंच, फक्त दिसायला वेळ लागला.

पण खरी गंमत पेल्यापेक्षा 'एकच' या शब्दात आहे. "एकच घेतो, साहेबांनी आग्रह केला." "आज गटारी आहे, आजचा दिवस." घरोघरी ऐकू येणारा हा शब्द. आणि मैत्रिणींनो, रागावू नका, पण आपलाही एक 'एकच' असतो. "एवढं एकदाच उसने द्या हो वहिनी." "एकदाच त्यांच्या ऑफिसात फोन करून ताप आलाय म्हणून सांगते." "ही एकच बांगडी, मग नाही." पिणारा पेले मोजतो आणि घरची बाई क्षमा मोजते. दोघांचाही हिशेब एकावरच अडलेला.

सुधाकर रामलालला व्यसनाच्या अवस्था एकेक करून समजावतो, तो प्रवेश वाचून तर मी थक्क झाले. सुटायचं असतं तेव्हा माणसाला सुटावंसं वाटत नाही आणि सुटावंसं वाटतं तेव्हा सुटता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. हे लिहिलं तेव्हा मेंदूच्या शास्त्राचं आजचं ज्ञान कुणाकडेच नव्हतं. आज डॉक्टर सांगतात की दारूनं मेंदूतली सुखाची आणि इच्छेची यंत्रणाच बदलते. ज्याला हा आजार जडला, त्याच्यासाठी 'एकच' असा पेला उरत नाही. पहिला घेतला की पुढचे आलेच.

उंदीर आणि कळ

माझी भाची मानसशास्त्र शिकते. मी 'एकच प्याला' घेऊन बसलेली पाहून तिनं मला एक इंग्रजी कादंबरी आणून दिली. या ज्यासी नावाच्या, घानात जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या लेखिकेची 'ट्रान्सेंडेंट किंगडम', २०२० साली निघालेली. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती पंधरा दिवसांत संपवली.

त्यात गिफ्टी नावाची मुलगी आहे. तिचा थोरला भाऊ बास्केटबॉलमधला तारा. पायाला दुखापत होते, डॉक्टर वेदनेवर गोळ्या देतात, त्या गोळ्यांची सवय लागते, मग हेरॉइन, आणि त्यातच तो जातो. तिथेही विष औषधाच्या रूपानंच घरात शिरलं, बघा! देवभक्त आई अंथरूण धरते. गिफ्टी मोठी होऊन प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. कळ दाबली की उंदराला गोड पेय मिळतं, पण कधी कधी पायाला विजेचा झटका बसतो. बरेच उंदीर झटके खाऊन शहाणे होतात. काही मात्र थांबत नाहीत. लंगडत लंगडत एक उंदीर पुन्हा कळीपाशी येतो.

तो लंगडा उंदीर वाचताना मला सुधाकर दिसला. तो वाईट नाही, तो मूर्खही नाही. त्याचं थांबण्याचं यंत्रच बिघडलं आहे. गिफ्टीला शास्त्रातून 'कसं' ते सापडतं, पण 'माझाच भाऊ का' याचं उत्तर तिथे नसतं. म्हणून लहानपणी सोडून दिलेल्या देवाकडे तिचं मन पुन्हा पुन्हा वळतं. शास्त्र आणि श्रद्धा दोन्ही लागतात, आणि एकट्यानं एकही पुरत नाही, हे त्या परक्या मुलीचं दुःख मला फार जवळचं वाटलं. कारण आमच्या घरात ते घडून गेलेलं आहे.

काकीचा तवा

माझे थोरले काका लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कित्येक परत आतच गेले नाहीत. काका त्यांतलेच. रोज पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करून तयार व्हायचे आणि गॅलरीत उभे राहायचे. मग कुणीतरी म्हणालं, चला, एकच घेऊ.

काकीनं पोळी-भाजीचे डबे सुरू केले. पहाटे चारला तवा चढायचा. गिरणगावात बायकांनी खाणावळी चालवण्याची जुनी रीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढून अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवलं आणि बँकेच्या कर्जाच्या दारापर्यंत नेलं. काकी काही मंडळात नव्हती, पण चाळीतल्या इतर बायकांकडे बघून तिला धीर आला.

मी अकरा वर्षांची असताना काका गेले. तेराव्याला जमलेल्या बायका काकीला म्हणाल्या, "अगदी सिंधूसारखी राहिलीस गो." तेव्हा काकी जे बोलली ते माझ्या कानात अजून आहे. "सिंधू म्हणू नका मला."

मी आता इतक्या वर्षांनी तिला विचारलं, का असं म्हणालीस? काकी लसूण सोलत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "बाय माझे, त्या तव्यावर माझी पोरं शिकली. त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच तव्यावर त्यांची बाटलीपण चालली. मी पोळ्या लाटत होते म्हणून घर उभं दिसत होतं. घर उभं दिसत होतं म्हणून ना त्यांना कळलं, ना कुणाला मी सांगितलं."

सिंधूचं जातं मला तेव्हा समजलं. आपण त्या जात्याला कष्टाचं आणि पातिव्रत्याचं प्रतीक मानतो, आणि ते आहेच. पण जात्याचा वरचा दगड फिरतो आणि खालचा जागचा हलत नाही. सिंधू दिवसभर फिरवते, पीठ पडतं, आणि परिस्थिती तसूभर हलत नाही. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असं आपल्याकडे म्हणतात. त्या घरात सुपात बसलेलं कुणीच नव्हतं. आधी दागिने, मग अब्रू, मग मूल. शेवटी जातं ओढणारीही त्यातच गेली.

तिला दोष द्यायचा नाही मला. तिचा भाऊ पद्माकर तिला न्यायला तयार होता, पण 'या पायांना सोडून कशी येऊ' अशा अर्थाच्या पदानं तिनं त्याला परत पाठवलं. तसंच शिकवलं होतं तिला. त्या काळी हिंदू स्त्रीला कायद्यानं घटस्फोट नव्हता. तो हक्क देशभर १९५५ च्या कायद्यानं आला, आणि घरातल्या मारहाणीपासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा. फौजदारासमोर खरं बोलून सिंधूला काय मिळालं असतं? गडकऱ्यांनी तिच्याच शेजारी तळीरामाची बायको गीता उभी केली आहे. तोंडाळ, फटकळ, नवऱ्याला तोंडावर बोलणारी. पूर्वी ती मला फक्त विनोदासाठी घातलेली वाटे. आता वाटतं, त्या नाटकात मोकळा श्वास घेणारी बाई तीच.

शपथ आणि तिसरा दिवस

सुधाकर शपथ घेतो ती खोटी नसते. मनापासून घेतलेली असते. पण दुसऱ्या दिवसापासून तो एकटा असतो. काम मागायला जातो, कुणी विश्वास ठेवत नाही, जुने स्नेही पाणउतारा करतात, आणि परत येण्याजोगी एकच जागा उरते. दारू पिणाऱ्यांचं 'आर्य मदिरा मंडळ' असतं, न पिणाऱ्यांचं कुठलंच मंडळ नसतं. मदिरा मंडळात मवाळ, जहाल, शास्त्री, खुदाबक्ष, सगळे एका ओळीत बसतात. विनोदी प्रवेश म्हणून आपण हसतो. पण माणसाला हवी असलेली सोबत त्या नाटकात फक्त बाटलीपाशी मिळते, ही त्यातली मेख आहे.

माझ्या काकांचंही तसंच झालं. घरच्यांनी त्यांना गावी नेलं, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं, नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. काकांनी ती पाळली. दोन दिवस दारूचा थेंब नाही. तिसऱ्या दिवशी हात लटलट कापू लागले, घामानं अंथरूण भिजलं. समोरच्या भिंतीवरून साच्यातले धोटे पळताना दिसतात म्हणून ते ओरडू लागले. मग आकडी आली. जमलेली मंडळी म्हणाली, बाधा झाली, देवाचं काहीतरी राहिलं. कुणी अंगारा आणायला धावलं. काकीनं मात्र बैलगाडी सोडून मिळेल तो टेम्पो थांबवला आणि तालुक्याचा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "बाधा नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की असं होतं. यात माणूस दगावतो. उशीर केला असता तर गेले असते."

'एकच प्याला'त तळीरामाच्या आजारपणात एक डॉक्टर आणि एक वैद्य येतात. दोघांची अशी जुंपते की प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि रोगी राहतो बाजूला. आमच्याकडे अंगारा आणि इंजेक्शन यांची तशीच जुंपली असती. काकीला मी विचारलं, तेव्हा देवावरचा विश्वास उडाला का तुझा? ती म्हणाली, "देवानं कुठे सांगितलं होतं डॉक्टरकडे जाऊ नको म्हणून?"

काका त्या खेपेला वाचले, पण मुंबईला आल्यावर पुन्हा प्यायला लागले. त्यांच्याच मजल्यावरच्या एका गृहस्थांनी त्याच सुमारास पंढरीची माळ घातली. त्यांची सुटली ती कायमची. मी म्हटलं, मग माळेत शक्ती आहे म्हणायची. काकी हसली. "माळेनं सुटली की माळकऱ्यांनी सोडवली? रोज संध्याकाळी भजनाला यायचे ते त्यांना बोलवायला. एक दिवस नाही दिसले तर दोघं-तिघं दारात. आमच्या ह्यांना बोलवायला कोण येत होतं?"

एक दिवस, पण सगळ्यांबरोबर

काकीला माहीतही नाही, पण तिनं जे सांगितलं त्याच पायावर एक मोठं काम उभं आहे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ नावाचा सर्जन, दोघेही दारूनं पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' निघालं. तिथे जन्मभराची शपथ घ्यायला लावत नाहीत. फक्त आजचा दिवस. उद्याचं उद्या. टाळायचा तो पहिलाच पेला. आणि ज्याला जसा समजेल तशा देवावर भार टाकायचा. म्हणजे 'एकच' हा शब्द त्यांनी बाटलीकडून काढून दिवसाला दिला, आणि माणसाला मात्र एकटं ठेवलं नाही. घरच्यांसाठी 'अल-अनॉन' हा गट १९५१ साली निघाला, तो बिलची बायको लुईस हिच्या पुढाकारानं. मुंबईतही या सभा भरतात, आणि मराठीतून बोलता येतं.

आपल्याकडे डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीनं. औषधपाणी, गटात बोलणं आणि घरच्या माणसांना बरोबर घेणं हे सगळं तिथे एकत्र आलं. बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला. गडकऱ्यांच्या नाटकात जे नव्हतं, नेमकं ते.

आता चार गोष्टी घरच्या, कारण आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत एक तरी सुधाकर असतो.

रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम बंद करायला लावू नका, कोंडून ठेवू नका. आधी डॉक्टरला दाखवा. हात कापणं, भ्रम होणं किंवा आकडी ही तातडीची लक्षणं आहेत.

"रुग्णाला नकळत आमटीत घाला," अशा जाहिरातींच्या पुड्या आणू नका. दारूची घृणा आणणारी डायसल्फिरॅमसारखी गोळी नकळत दिली आणि वर माणूस प्याला, तर उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो, जीवही जाऊ शकतो. ती गोळी डॉक्टर माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात.

त्याच्यासाठी खोटं बोलणं थांबवा. ऑफिसला, दुकानदाराला, सासूबाईंना, आणि स्वतःला. हात उगारला गेला तर मुलांना घेऊन बाहेर पडा. त्यात पातिव्रत्य कमी होत नाही.

आणि कुणालातरी सांगा. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा मोफत फोन आहे. तो पिणाऱ्यासाठी आहे तसाच तुमच्यासाठीही आहे.

नाटकाचं नाव आपण 'एकच प्याला' म्हणून ऐकत आलो. मला आता त्यातला 'एक' दोनदा ऐकू येतो. एकच पेला आणि एकटी बाई. दाराला आतून कडी लावून दोघांनीही आपापलं लपवलं, म्हणून ते घर गेलं.

डोंबिवलीहून निघताना काकीनं लसणीची चटणी बांधून दिली आणि म्हणाली, "त्या तुझ्या शाळेतल्या बाईला सांग, सिंधूनं बरोबर केलं की चूक केलं ते देव बघेल. तू दार उघड म्हणावं."

पुढच्या महिन्यात पालकसभा आहे. ती येईल की नाही ठाऊक नाही. आली तर या वेळी मी 'तो काळच तसा होता' असं म्हणणार नाही. तिला चहाला थांबवून घेईन.